वेशीवरची उज्जयिनी : मृच्छकटिकातील अस्वस्थ तरुण

उज्जयिनी हे नाव उच्चारले की आपल्या मनापुढे महाकालाचे शिखर उभे राहते, क्षिप्रेचे घाट उभे राहतात, विक्रमादित्याचे सिंहासन उभे राहते, आणि कालिदासाच्या मेघाने वाट वाकडी करून पाहावी अशी ती उंच सौधांची नगरी उभी राहते. ही उज्जयिनी राजमार्गावरची व देवालयांची आहे. परंतु संस्कृत वाङ्मयाने आणखी एक उज्जयिनी आपल्यासाठी जतन करून ठेविली आहे. तिच्यात दिवे मालवलेल्या गल्ल्या आहेत, जुगाराचा अड्डा आहे, ओसाड देऊळ आहे, भिंतीला पडलेले भगदाड आहे, गावाबाहेरची जुनी बाग आहे आणि तिच्याही पलीकडे वधस्तंभाकडे जाणारी वाट आहे. ही उज्जयिनी शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'त वसलेली आहे.

मराठी माणसास हे नाटक अपरिचित नाही. परशुरामपंत तात्या गोडबोले ह्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर त्याचे मराठी भाषांतर केले. पुढे त्याच शतकाच्या अखेरीकडे गोविंद बल्लाळ देवल ह्यांनी 'संगीत मृच्छकटिक' रचून ते घरोघर नेले. भाऊराव कोल्हटकरांनी आणि त्यांच्यामागून बालगंधर्वांनी वसंतसेनेची भूमिका केली. साहजिकच आपल्या स्मरणात जे उरले ते वसंतसेनेचे गाणे, पावसातील अभिसार, चारुदत्ताचे औदार्य आणि लहानग्या रोहसेनाची मातीची गाडी. दरिद्री झालेला सज्जन आणि गुणांवर लुब्ध झालेली गणिका ह्यांची प्रेमकथा, असे ह्या नाटकाचे वर्णन आपण करीत आलो.

ते वर्णन खोटे नव्हे, पण अपुरे आहे. दहा अंकांचे हे प्रकरण पुन्हा एकदा सावकाश वाचले असता ध्यानात येते की, नायक-नायिकेच्या भोवती नाटककाराने एक निराळीच मंडळी गोळा केली आहे. परगावाहून पोटासाठी आलेला अंगमर्दक, वेद शिकलेल्या बापाचा चोर झालेला मुलगा, अंगावर फाटके वस्त्र असलेला जुगारी, चर्मकार जातीतील शिपाई, पळवून आणून कोठडीत टाकलेला गुराखी, मालकाच्या गाडीवर बसणारा गुलाम : ही सारी माणसे तरुण दिसतात, बहुतेकांच्या अंगी काही ना काही कला वा धाडस आहे, आणि त्यांतील एकासही नगरीने धड जागा दिलेली नाही. नाटकाच्या अखेरीस राजा बदलतो तो ह्यांच्यामुळे. प्रस्तुत लेखात ह्या मंडळींचाच विचार करावयाचा आहे.

प्रथम स्थळाचा विचार करू. जुनी उज्जयिनी आजच्या शहराच्या उत्तरेस, गढकालिकेच्या परिसरात होती. ग्वाल्हेर संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे मो. बा. गर्दे ह्यांनी १९३८-३९ मध्ये तेथे उत्खनन केले. पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या वतीने एन. आर. बॅनर्जी ह्यांनी १९५६ ते १९५८ ह्या काळात तेथील मातीचा प्रचंड तट आणि त्याला लागून असलेला खंदक उजेडात आणला. नदी आणि खंदक ह्यांनी वेढलेल्या ह्या नगरीला आत आणि बाहेर असे दोन भाग असणे अपरिहार्य होते. नाटकातील भूगोलही असाच दुहेरी आहे. चारुदत्त राहतो तो व्यापाऱ्यांच्या वस्तीत. वसंतसेनेचा आठ चौकांचा वाडाही आतच. परंतु गुराख्यांची वाडी, जिला नाटकात 'घोष' म्हटले आहे, ती नगराबाहेर. पुष्पकरंडक नावाचे जीर्णोद्यान नगराबाहेर. आणि दक्षिणेचे स्मशानही नगराबाहेर. कथेला जेथे जेथे निर्णायक वळण मिळते ती जागा बहुधा तटाच्या बाहेरची, किंवा तटाकडे जाणाऱ्या रस्त्यावरची आहे.

मराठ्यांच्या काळी ह्या नगरीशी आपला जो संबंध आला तोही येथे आठवावा. अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखठणकर, म्हणजे कोंकणपट्टीतील एक शेणवी गृहस्थ, ह्यांनी महाकालेश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार केला. आणि १८१० च्या सुमारास दौलतरावांनी आपले ठाणे ग्वाल्हेरच्या लष्करात हलवीपर्यंत उज्जैन हीच शिंदेशाहीची राजधानी होती. माळव्यातील मराठी कुटुंबे त्या काळापासून तेथे नांदत आली आहेत. योगायोग असा की, 'मृच्छकटिका'च्या अभ्यासातही एका सुखठणकरांचे नाव अग्रभागी आहे. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीमुळे जगभर मान्यता पावलेले डॉ. विष्णु सीताराम सुखठणकर (१८८७-१९४३) ह्यांनी भासाच्या नाटकांवर जे निबंध लिहिले, त्यांत ह्या नाटकाच्या जन्मकथेचा शोध घेतला आहे.

तो प्रश्न असा. त्रिवेंद्रमच्या टी. गणपतिशास्त्री ह्यांना १९०९ मध्ये जुन्या ताडपत्रांत काही नाटके सापडली आणि १९१२ पासून ती भासाच्या नावाने प्रसिद्ध होऊ लागली. त्यांतील 'चारुदत्त' हे चार अंकांचे नाटक 'मृच्छकटिका'च्या पहिल्या चार अंकांशी इतके जुळते की, एकावरून दुसरे झाले ह्याविषयी शंका राहत नाही. सुखठणकरांनी दोन्ही ग्रंथांची प्राकृत भाषा, पद्यरचना आणि प्रसंगांची मांडणी ताडून पाहिली, आणि 'चारुदत्ता'त जुन्या पाठाच्या खुणा अधिक आहेत असा कौल दिला. काही पंडितांस हे मान्य नाही. त्यांच्या मते 'चारुदत्त' हे केरळातील नटांनी प्रयोगासाठी केलेले संक्षिप्त रूप असावे. खुद्द शूद्रकाचा काळही वादग्रस्तच आहे. नाटकाच्या प्रस्तावनेत शूद्रक राजा शंभर वर्षे दहा दिवस जगून अग्निप्रवेश करता झाला असे सांगितले आहे, आणि स्वतःच्या मरणाची बातमी कवी स्वतः देणे शक्य नसल्याने ती प्रस्तावना दुसऱ्या कोणाची तरी असली पाहिजे हे उघड आहे.

परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. 'चारुदत्ता'च्या आज उपलब्ध असलेल्या चार अंकांत दरिद्री सार्थवाह आहे, वसंतसेना आहे, राजाचा मेहुणा आहे, संवाहक आहे, आणि चोरही आहे. त्याचे नाव तेथे सज्जलक. नाही तो आर्यकाचा कट. पालक राजाविरुद्ध होणाऱ्या उठावाचा धागा त्या अंकांत कोठेही नाही. म्हणजे सुखठणकरांचा कौल मान्य केला तर असे म्हणावे लागते की, 'मृच्छकटिका'च्या कर्त्याने जुन्या प्रेमकथेत हा राजकीय धागा मुद्दाम विणला. आणि विणताना तो सेनापती, अमात्य किंवा सामंत ह्यांच्या हातून न नेता जुगारी, चोर आणि शिपाई ह्यांच्या हातून नेला. त्याने असे का केले असावे?

ह्याचे उत्तर त्या माणसांच्याच चरित्रात शोधावे लागते. दुसऱ्या अंकातील संवाहकापासून आरंभ करू. हा पाटलिपुत्रातील एका गृहस्थाचा मुलगा. वाटसरूंच्या तोंडून उज्जयिनीची वर्णने ऐकून, नवे शहर पाहावे ह्या कुतूहलाने तो घराबाहेर पडला. अंग रगडण्याची विद्या त्याने हौसेची कला म्हणून शिकली होती. परक्या शहरात तीच पोट भरण्याचे साधन झाली. चारुदत्ताच्या घरी त्याला मानाचे काम मिळाले. पुढे धन्याला दारिद्र्य आले, नोकरी गेली, आणि संवाहक द्यूतगृहाकडे वळला. आजही कोठल्याही मोठ्या शहराच्या कडेला अशी कथा घडताना आपण पाहतो. तिच्यातील पात्रे बदलतात, क्रम बदलत नाही.

संवाहक दहा सुवर्ण हरतो. मनुस्मृतीच्या मापाने एक सुवर्ण म्हणजे ऐंशी गुंजा; आपल्या हिशेबाने ते सोने आठ तोळ्यांच्या वर जाते. हातावर पोट असलेल्या तरुणाला हे ऋण फेडणे अशक्यच. तो पळतो, ओसाड देवळात उलट्या पावलांनी शिरतो आणि चौथऱ्यावर मूर्ती होऊन उभा राहतो. अड्ड्याचा मालक माथुर आणि दुसरा एक जुगारी त्याच देवळात येऊन, मूर्तीकडे संशयाने पाहत, तेथेच डाव मांडतात. फाशांचा आवाज ऐकून मूर्तीला राहवत नाही. देव चौथऱ्यावरून उतरून आपला डाव मागू लागतो! पुढे सापडल्यावर तो माथुराकडून अर्धे ऋण माफ करून घेतो, दुसऱ्याकडून उरलेले अर्धे माफ करून घेतो, आणि सारेच माफ झाले असे जाहीर करून चालू लागतो. ह्या विनोदावर प्रेक्षक हसतात. पण लगेच त्याला भर रस्त्यात मारहाण होते, स्वतःला विकून पैसे आण असे त्यास सांगण्यात येते, आणि येणारे-जाणारे विकत घ्यावयास कोणी तयार होत नाहीत. तेव्हा हसू ओसरते.

येथे एक ऐतिहासिक तपशील ध्यानात ठेवावयास हवा. कौटिल्याच्या अर्थशास्त्राप्रमाणे द्यूत हा राज्याच्या देखरेखीखालचा व्यवहार होता. त्यासाठी अध्यक्ष नेमलेला असे आणि जिंकलेल्या रकमेतून शेकडा पाच राज्याकडे जात. म्हणजे माथुर हा लपूनछपून धंदा करणारा माणूस नव्हे. राजाची सत्ता त्याच्या पाठीशी आहे. रिकामे हात आणि रिकामा वेळ असलेल्या तरुणांच्या अस्वस्थतेवर राज्य कर घेत होते, असा ह्याचा सरळ अर्थ होतो. संवाहकाला सोडविण्यासाठी दर्दुरक नावाचा दुसरा एक जुगारी माथुराच्या डोळ्यांत धूळ फेकतो. ह्या दर्दुरकाच्या अंगावरचे वस्त्र इतके विरलेले आहे की, त्याची घडी ठेवणेच बरे. पण आता ह्या गावात आपल्याला थारा नाही हे कळताच तो जे बोलतो ते पुढील आठ अंकांची नांदी आहे. आर्यक नावाचा गुराख्याचा मुलगा राजा होणार असे भविष्य आहे, आणि आपल्यासारखी सारी माणसे त्याच्याकडे चालली आहेत, असे शर्विलकाने आपणास सांगितल्याचे तो म्हणतो. 'आपल्यासारखी' ह्या शब्दात त्या काळच्या उज्जयिनीचा एक सबंध वर्ग येतो.

हा शर्विलक तिसऱ्या अंकात भेटतो. दान न घेणाऱ्या चतुर्वेदी ब्राह्मणाचा हा मुलगा. वसंतसेनेची दासी मदनिका हिच्यावर त्याचे प्रेम आहे, आणि तिला दास्यातून सोडविण्यास लागणारा पैसा त्याच्यापाशी नाही. तो चोरी करावयास निघतो ते एखाद्या शास्त्र्याने अनुष्ठानास बसावे तसे. भगदाड कमळाकृती पाडावे, सूर्याकृती पाडावे, की चंद्रकोरीसारखे, ह्याचा तो खल करतो आणि पक्क्या विटांच्या भिंतीला पूर्णकुंभाचा आकार शोभेल असे ठरवितो. मापाची दोरी घरी विसरली म्हणून जानव्याने माप घेतो. बोटास साप डसला तर तेच जानवे वर आवळून बांधतो. जानव्याचा हा उपयोग पाहून जुना प्रेक्षक पोट धरून हसला असेल. तथापि त्या हास्याच्या मुळाशी विद्येच्या निरुपयोगाची खंत आहे. घोकलेले शास्त्र, हातातील कौशल्य, मनातील अभिमान, सारे शाबूत आहे. ते वापरावयास मात्र रात्रीची भिंत एवढीच जागा उरली आहे. हात जोडून सेवा करण्यापेक्षा निंद्य पण स्वतंत्र धंदा बरा, असे तो आपल्या मनाचे समाधान करतो.

शूद्रकाने ह्या चोराला क्षमा मिळवून दिली आहे, पण ती फुकट नव्हे. दुसऱ्या दिवशी भगदाड पाहून चारुदत्त त्यातील कारागिरीची तारीफ करतो खरा. पण चोरीला गेलेला ऐवज वसंतसेनेने विश्वासाने ठेवलेला असल्यामुळे त्याच्यावर केवढे संकट आले हेही आपण पाहतो. त्याच्या पत्नीला, धूतेला, आपली रत्नमाला द्यावी लागते. तरुणाच्या बंडखोरीची किंमत बहुधा दुसऱ्याच कोणाच्या घरातून वसूल होते, हे नाटककार विसरत नाही. चौथ्या अंकात वसंतसेना सारे जाणूनही मदनिकेला मुक्त करून शर्विलकाच्या हाती देते. नवरा-नवरी गाडीत बसतात न बसतात तोच दवंडी ऐकू येते की, भविष्याला घाबरून पालक राजाने आर्यकाला घोषातून आणवून बंदीत टाकले. शर्विलक त्याच क्षणी गाडीतून उतरतो, नववधूला रेभिल श्रेष्ठीच्या घरी पाठवितो आणि मित्रासाठी निघून जातो. आपण कोणाकोणास चिथावणार ह्याची तो यादीच देतो : नातेवाईक, विट, स्वतःच्या बाहुबळावर नाव मिळविलेले वीर, आणि राजाने अपमान केल्यामुळे चिडलेले राजसेवक. एखाद्या उठावाचे सामाजिक घटक इतक्या नेमकेपणाने सांगणारे दुसरे स्थळ जुन्या नाट्यवाङ्मयात शोधूनही क्वचितच मिळेल.

सहाव्या अंकातील चंदनकाचा प्रसंग आपल्याकडील वाचकांना विशेष रुचावा. बेड्या तोडून पळालेला आर्यक चारुदत्ताच्या पडदा लावलेल्या गाडीत लपतो. वीरक आणि चंदनक हे दोन अधिकारी गाड्या तपासत असतात. चंदनक आत डोकावतो, आर्यकाला ओळखतो, अभय देतो; पण बाहेर येऊन सांगताना घाईत पुरुषासाठी योजावयाचा शब्द तोंडातून निघून जातो आणि मग तो स्त्रीलिंगी करून घेतो. वीरकाला संशय येतो. तेव्हा चंदनक म्हणतो की, आम्ही दाक्षिणात्य, नाना देशांच्या भाषा बोलणारे. आमच्या बोलण्यात पुल्लिंग-स्त्रीलिंगाचा मेळ कोठला! उत्तरेत गेलेल्या मराठी वा कोंकणी माणसाच्या हिंदीला आजही जो दोष देण्यात येतो, तोच ह्या शिपायाने ढाल म्हणून पुढे केला आणि एका भावी राजाचे प्राण वाचविले. एवढ्याने भागत नाही असे पाहून तो मनाशी ठरवितो की, आता कर्नाटकी पद्धतीचे भांडण उकरून काढावे! मग दोघे एकमेकांची जात काढतात. त्यातून आपणास कळते की, चंदनक चर्मकार आहे आणि वीरक न्हावी.

भाषेचा हा खेळ वरवरचा नाही. ह्या नाटकात संस्कृत बोलणारी माणसे थोडी, आणि प्राकृतांचे प्रकार मात्र अनेक. पृथ्वीधर ह्या टीकाकाराने ते मोजून सांगितले आहेत : शौरसेनी आणि मागधी तर आहेतच, शिवाय शिपायांची अवंतिजा, जुगाऱ्यांची ढक्की, राजाच्या मेहुण्याची शकारी आणि वध करणाऱ्यांची चांडाली. प्रतिष्ठित नाटकात ज्या बोलींना कोणी विचारत नाही, त्यांना येथे रंगमंच मिळाला आहे. दोन भाषांतून नांदणाऱ्या आपल्या समाजाला ह्याचे महत्त्व अधिक सांगावयास नको. माणसाची बोली रंगभूमीवर आली म्हणजे तिच्या पाठोपाठ तो माणूस येतो आणि त्याचे गाऱ्हाणेही येते.

ह्या कटामागे खराखुरा इतिहास कितपत आहे? पालक हे नाव कल्पित नव्हे. अवंतीचा प्रद्योत, ज्याला चंडमहासेनही म्हणत, त्याचा हा मुलगा. पुराणांच्या वंशावळीत प्रद्योतानंतर पालकाचे नाव येते, आणि जैन परंपरेप्रमाणे महावीरांचे निर्वाण झाले त्याच रात्री पालकाला अभिषेक झाला. कथासरित्सागरात पालकाच्या थोरल्या भावाचे नाव गोपालक आहे. ह्यावरून काही इतिहासकारांनी असा तर्क केला आहे की, आर्यकाला नाटकात जे 'गोपालदारक' म्हटले आहे त्याचा मूळ अर्थ 'गोपालाचा, म्हणजे त्या राजपुत्राचा, मुलगा' असा असावा. म्हणजे मूळ भांडण काका-पुतण्याचे असावे. हा तर्क खरा असेल तर शूद्रकाने केलेला फेरफार फार बोलका ठरतो. राजघराण्यातील भाऊबंदकी त्याच्यापाशी येईतो गुराख्याच्या मुलाचे बंड झाली होती. आणि ज्याच्याविरुद्ध हे बंड तो पालक दहा अंकांत एकदाही रंगभूमीवर येत नाही. त्याचे हुकूम तेवढे येतात.

राजाऐवजी आपणास दिसतो तो त्याचा मेहुणा संस्थानक, म्हणजे शकार. हाही तरुणच, हाही रिकामाच. पुराणकथांची नावे उलटीसुलटी करून बोलण्यात त्याचा वेळ जातो. संवाहक आणि शर्विलक ह्यांच्यात जी पोकळी आहे तीच ह्याच्यातही आहे. भेद इतकाच की ह्याच्या पाठीशी सत्ता आहे. म्हणून त्यांची अस्वस्थता ऋण आणि चोरी ह्यांवर थांबते आणि ह्याची हत्येपर्यंत जाते. जीर्णोद्यानात वसंतसेनेचा गळा दाबण्यापूर्वी तो आपल्या गाडीवानाला, स्थावरकाला, ते काम करावयास सांगतो. स्थावरक गुलाम आहे, मार खातो, पण पाप करावयास साफ नकार देतो. नीतीचा निर्वाळा नाटककाराने गुलामाच्या तोंडी घातला आहे.

नवव्या अंकातील न्यायसभा तर आजही वाचवत नाही. न्यायाधीश भला आहे, चारुदत्त निरपराध असावा असे त्याला मनातून वाटते. तरी पुरावा विरुद्ध जातो. चंदनकाच्या लाथेची तक्रार घेऊन आलेला वीरक नेमका त्याच वेळी साक्ष देतो की, वसंतसेनेला घेऊन चारुदत्ताची गाडी बागेकडे चालली होती. न्यायाधीश ब्राह्मणास हद्दपारी सुचवितो. न दिसणारा राजा सूळ सांगतो. आणि मग वेशीबाहेरच्या वाटेवर ही सारी मंडळी एकवटतात. भिक्षु झालेला संवाहक, ज्याला वसंतसेनेने आपले कंकण देऊन ऋणमुक्त केले होते, तिला जिवंत घेऊन येतो. यज्ञमंडपात पालकाला ठार करून शर्विलक येतो. ज्यांना नगरीने ओवाळून टाकले होते, त्यांच्या हातून नगरीतील एका सज्जनाचा प्राण वाचतो.

युरोपात ह्या नाटकाकडे जे पाहिले गेले ते बरेचसे ह्याच बाजूने. होरेस हेमन विल्सन ह्यांचे इंग्रजी भाषांतर १८२६ मध्ये कलकत्त्यास प्रसिद्ध झाले. १८४८ च्या क्रांतीला दोन वर्षे होतात न होतात तोच, १८५० मध्ये, नेर्वाल आणि मेरी ह्यांनी केलेले फ्रेंच रूपांतर पॅरिसच्या ओदेओं नाट्यगृहात झाले; आणि १८९५ मध्ये अराज्यवादी विचारांच्या व्हिक्तोर बार्रुकां ह्यांचे दुसरे रूपांतर तेथील नव्या रंगभूमीवर आले, त्याच्या प्रयोगपत्रिकेवर तुलूझ-लोत्रेकचे चित्र होते. १९५६ मध्ये लंडनला ऑस्बर्नच्या 'लुक बॅक इन अँगर' ह्या नाटकानंतर 'संतप्त तरुण' हा शब्द रूढ झाला आणि असे तरुण रंगभूमीवर प्रथमच आले असा गाजावाजा झाला. परंतु फाटक्या वस्त्राचा दर्दुरक त्यांच्या कित्येक शतके आधी येऊन गेला होता. आपल्याकडे हबीब तन्वीर ह्यांनी १९५८ मध्ये छत्तीसगढी लोककलावंतांना घेऊन हे नाटक 'मिट्टी की गाडी' ह्या नावाने हिंदीत आणले. उज्जैनचा कालिदास समारोह त्याच वर्षी सुरू झाला. मातृभाषा कोंकणी असलेल्या गिरीश कार्नाडांनी १९८४ मध्ये 'उत्सव' हा चित्रपट ह्याच कथेवर काढला. आमच्या संगीत रंगभूमीला दोष देण्याचा येथे हेतू नाही; तिने हे नाटक जिवंत ठेविले हेच तिचे मोठे ऋण आहे. परंतु गाणे जेथे थांबते तेथेही नाटक चालू असते, हे प्रेक्षक विसरत गेला एवढे म्हणावयास हरकत नाही.

अखेरीस विजयानंतरची वाटणी पाहावी. चारुदत्ताला वेणातीरावरचे कुशावतीचे राज्य मिळते. वसंतसेनेला वधूपद मिळते. संवाहकाला काही नको असते, तरी त्याला सर्व विहारांचा कुलपती करतात. स्थावरक दास्यातून सुटतो, चंदनक दंडपालक होतो, वध करणाऱ्या दोघांनाही बढती मिळते. शकाराला चारुदत्त अभय देतो, आणि त्याचे पूर्वीप्रमाणेच चालू राहावे असे सांगतो. यादी मोठी उदार आहे. तिच्यात दोन नावे मात्र नाहीत. एक माथुराचे, म्हणजे द्यूतगृह, त्याचे ऋण आणि त्यातील राज्याचा वाटा ह्यांविषयी नवा राजा काहीच बोलत नाही. दुसरे दर्दुरकाचे. 'आपल्यासारखी सारी माणसे' आर्यकाकडे चालली आहेत असे ज्याने प्रथम सांगितले, तो दुसऱ्या अंकात जो गेला तो पुन्हा येत नाही. त्याचे काय झाले हे विचारावयास राज्यप्राप्तीच्या आनंदात कोणास सवड नाही.

नाटककाराकडून हे अनवधानाने झाले असेल, किंवा जाणूनही झाले असेल. इतिहास मात्र असाच घडत आला आहे. विसाव्या शतकात ह्याच उज्जैनमध्ये विनोद, हिरा यांसारख्या कापडगिरण्या उभ्या राहिल्या, गावाच्या कडेला कामगारांच्या वस्त्या झाल्या, आणि शतक संपता संपता भोंगे थांबले. नोकरी सुटलेल्या संवाहकाची कथा त्या नगरीने पुन्हा एकदा अनुभवली. अशा वेळी वेशीवर घोळक्याने उभ्या असलेल्या पोरांना पाहून आपण त्यांना उनाड म्हणून मोकळे होतो. शूद्रकाने त्यांना हसून पाहिले, त्यांचे दोष झाकले नाहीत, पण प्रत्येकाच्या हातात काय कला आहे हे आधी विचारले. वसंतसेनेने एका हरलेल्या जुगाऱ्यासाठी हातातले कंकण काढून दिले, त्या कंकणाने पुढे तिचाच जीव वाचला. नगरीने तेवढा हिशेब ध्यानात ठेवला तरी पुष्कळ झाले. आणि पुढच्या खेपेस वाटणीची यादी करताना दर्दुरकाचीही चौकशी करावी.